वाटेवरची घरं

रंजीतानं टीपॉयवर वहीचं पान पसरून ठेवलं होतं. भगवंतरावांनी नेमका त्याच्यावरच लग्नाच्या कार्डांचा गठ्ठा ठेवला.

"जातच आहा, त एवढे घेऊन जा," ते म्हणाले. "आपल्या पियुषच्या लग्नाचे हायत. सारे वाटेवरलेच घरं."

भगवंतराव म्हणजे रंजीताच्या नवऱ्याचे, रविकांतचे चुलते; पियुष त्यांचा धाकटा मुलगा. सोबत सोजरबाई काकू. दोघं सोफ्यावर ऐसपैस बसले होते आणि त्यांना पान दिसलंही नव्हतं. त्या पानावर रंजीतानं नऊ दिवस मांडले होते. लातूर, कोल्हापूर, गणपतीपुळे, आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं खाली मालवणपर्यंत, किनाऱ्यावर रोज पन्नास किलोमीटरच्या वर नाही. बरं वाटलं तिथं गाडी थांबवायची, पाण्यात पाय सोडून बसायचं. पोरं वांकिडीला तिच्या आईकडे राहणार होती. तेलंगणातल्या इचोड्यातलं त्यांचं भांड्यांचं दुकान नऊ दिवस बंद. मालवणच्या खोलीवाल्या बाईनं फोनवर "किती माणसं?" विचारलं, तेव्हा ती "दोघंच" म्हणाली होती, आणि बाईनं पुन्हा विचारलं नव्हतं तरी पुन्हा म्हणाली होती. बारा वर्षांच्या संसारात दोघंच असे ते कुठंच गेले नव्हते.

आता नवरा काय बोलतो, तिकडे तिचं लक्ष होतं. एक 'नाही' पाहिजे होतं. भांडण नको, आवाज नको. "काका, आमी फिराले चाललो," एवढं पुरे होतं.

रविकांतनं गठ्ठा उचलला आणि वरचं कार्ड वाचायला लागला.

वा रे मर्द, रंजीता मनात म्हणाली. गिऱ्हाइकानं दुकानातलं पातेलं आपटून पाहिलं तरी "आपटा, आपटा" म्हणणारा माणूस, तो चुलत्याला काय अडवणार!

"निर्मलचे चार घरं, भोकरचे तीन," भगवंतराव सांगू लागले. "नांदेडात अकरा. किनवट काही वाटेवर नाही, पन वाकडं होऊन जाता येते. अन् कार्ड दारातून नोको देऊ बाबू. मांगच्या लग्नात आमच्या मोठ्यानं, सुरेंद्रनं दारातून देल्लं, त ते लोकं अजून आमच्यासंग बोलत नाहीत."

ते खरंच होतं. यांच्यात कार्ड नुसतं पोचवून भागत नाही. चपला काढून बसायचं, कार्डाला हळदीकुंकू लावून घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं, चहा संपवायचा, आणि "जेवून जा"ला तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा पाटावर बसायचं. या हिशेबानं नऊ दिवसांत गाडी नांदेडच्या पुढं सरकत नव्हती.

"हळदीकुंकू मोठ्या बाईच्या हातचं पाह्यजे," सोजरबाई म्हणाल्या. "मी येतो संग. पन मले मांगं बसलं का उलटी होते. मी समोर बसीन. रंजीता बसते मांगं, तिले काय?"

रंजीतानं नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी.

"हो," रविकांत म्हणाला. "काकू समोर बसतीन."

किळस आली तिला. गोवरी ज्या भिंतीवर थापली त्या भिंतीला चिकटते, तसा हा. कोणीही यावं आणि थापून जावं.

"मंग समुद्राचं काय?" तिनं विचारलं.

"समुद्र काय कुठं पयून चालला?" भगवंतराव हसले. "अन् मी काही जबरदस्ती नाही केली बापा. मी त सुरेंद्रच्याच हातानं धाडनार होतो. रविकांतनंच फोन केला, का काका, मी तिकडूनच चाललो, कार्डं मीच नेतो."

रंजीता उठली. "मी चहा ठेवतो," म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली, की जरा वरचा साखरेचा डबा काढून द्या.

तो आला. डबा काढला.

"तुमी फोन केल्ता?"

"हो."

"काऊन जी?"

रविकांतनं डबा ओट्यावर ठेवला. "नऊ दिवस," तो म्हणाला. "गाडीत दोघंच. काय बोलाचं तुह्यासंग?"

इतकी वर्षं ती त्याला मऊ समजत होती. बिचाऱ्याला कोणाला नाही म्हणता येत नाही, असं आईजवळ सांगत होती. आज कळलं, त्याला नाही म्हणता येत होतं, आणि फक्त तिलाच म्हणता येत होतं.

"कोकणात आपलं एक बी घर नाही," ती म्हणाली. "म्हनून मी कोकण ठरोलं होतं."

"म्हनूनच त," रविकांत म्हणाला, आणि कपबशा ट्रेमध्ये मांडायला लागला.

चहा तिनंच बाहेर नेला. सोजरबाईंना कप देता देता म्हणाली, "काकू, मी नाही येत. तुमी समोर बसा, काका मांगं बसतीन." मग नवऱ्याकडे बोट केलं. "यायले बोलाले लय मानसं भेटतीन."

हे तिनं टोचावं म्हणूनच म्हटलं होतं. जिव्हारी लागेल, निदान मान खाली घालेल, एवढी तरी तिची अपेक्षा होती. पण रविकांतचा चेहरा मोकळा झाला. सहलीचं ठरल्यापासून तो असा कधीच दिसला नव्हता.

"बरं होईन," तो म्हणाला. "काकाचे गुडघे दुखतेत. मांगं पाय लांब करून बसता येईन त्यायले."