सातवं कार्ड

गलोंडा गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सोर्स कोडची सूची बनवणारं एक टूल होतं. सूची नव्यानं बनली की प्रत्येकानं हातानं लावलेल्या सेटिंग्ज पुसल्या जायच्या, आणि अख्खा विभाग सकाळभर वैतागायचा. तिथं कंत्राटावर असलेल्या धनश्रीनं महिनाभर खपून त्यावर तोड काढली. आता ज्याच्या त्याच्या सेटिंग्ज त्याच्या कंपनीच्या ओळखपत्राच्या, म्हणजे कार्डाच्या नंबराखाली जपल्या जाऊ लागल्या.

"धनश्रीबेन, आता कोणाची मेहनत वाया नाय जाणार," विभागप्रमुख कल्पेशभाई म्हणाले.

महिनाअखेरीस तिचं अकरा महिन्यांचं कंत्राट संपलं. नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून दर वेळेसारखं तिला चार दिवस घरी बसवलं, आणि पाचव्या दिवशी नव्या नंबराचं कार्ड हातात देऊन परत घेतलं. हे तिचं सातवं कार्ड.

जागेवर बसून तिनं टूल सुरू केलं. आजूबाजूच्या पर्मनंट लोकांचं सगळं जसंच्या तसं होतं. तिच्या स्क्रीनवर मात्र तिची एकही सेटिंग नव्हती. वर एक ओळ होती, तिनंच लिहिलेली: 'नवीन वापरकर्ता. जुनी नोंद सापडली नाही.'

कल्पेशभाई मागून डोकावले. "काय झालं? टूल बिघडलं?"

"नाही, टूल बरोबर आहे," ती म्हणाली. "मी आजच तर कामाला लागलेय."