ऐंशी अंश

थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, म्हणून हे कोणाला पटत नाही.

तळ्याकाठच्या आमच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, नवऱ्यानं, ताइस्तोनं, एक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. नेटवाले त्याचा इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता सारखा बदलायचे. म्हणून तो दर तासाला बाहेर विचारायचा, "आज माझा पत्ता काय?" आणि बदललेला असला की मला मेल धाडायचा. ते आकडे फोनवर टाकले की सौनाचं तापमान दिसायचं. शनिवारी ताइस्तो पुढे जाऊन चूल पेटवायचा आणि ऐंशी अंश झाले की मी शहरातून निघायचे.

यंदा बर्फ वितळताना ताइस्तो गेला. लेकीनं, सिर्कानं, तो कॉम्प्युटर काढून आणला. माझ्या कपाटात पडलाय, वायरीसकट.

परवा शनिवारी दुपारी मेल आला. नवा पत्ता.

मी आकडे टाकले. वीस अंश. कॉफी होईपर्यंत चाळीस.

सिर्काला फोन लावला.

"आई, बाबांवरून तरी थापा मारू नकोस गं."

"तूच बघ. घे लिहून आकडे."

तिनं आकडे टाकले आणि साठ, सत्तर मोजत बसली. मग हळूच म्हणाली, "ऐंशी झाले. आई, तू निघू नकोस हं."

"बूट घालून झालेत माझे."

तेवढ्यात आकडा सहानं उतरला. दार उघडून कोणी आत शिरलं की उतरतो, तेवढाच.

माझ्यासाठी थांबल्याशिवाय ताइस्तो कधीच आत गेला नव्हता.