पेन ड्राइव्हमधली ईरम्मा

कॉम्प्युटरला व्हायरस लागला. नवी पेठेतला दुकानदार गुरुराज म्हणाला, "काका, विंडोज नव्यानं टाकताना सगळं पुसलं जाईल. हवं ते आधी पेन ड्राइव्हवर घ्या."

रेवणप्पांना एकच हवं होतं. वारलेल्या बायकोचा, ईरम्माचा, एकुलता एक व्हिडिओ. त्यात ती त्यांना हरवलेल्या चष्म्यावरून अकरा मिनिटं झापत होती. रेवणप्पांनी स्क्रीनवरचं चिन्ह स्वतःच्या हातानं पेन ड्राइव्हवर टाकलं, तिथून तीनदा लावून बघितलं. तिन्ही वेळा पोटभर बोलणी खाऊन मग म्हणाले, "पूस आता सगळं."

नव्या विंडोजवर व्हिडिओ उघडेना.

"काका, तुमी नुसता शॉर्टकट घेतलाय. म्हंजे व्हिडिओचा पत्ता."

"मग जा की त्या पत्त्यावर!"



"ते घर आपण आत्ताच पाडलं की, काका."