सगळ्यात लांब शब्द

केनवडात कोणाचा इंग्रजी कागद आला की लोक दौलतरावांच्या ओसरीवर यायचे. पण भावाची सून द्वारका मॅट्रिक होऊन आली आणि सारे तिलाच विचारू लागले. दौलतरावांचा जळफळाट झाला. डिक्शनरी पालथी घालून त्यांनी सगळ्यात लांब शब्द घोकला आणि भर लोकांत तिला गाठलं.

"फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन! सांग याचा अर्थ!"

"नाही येत, मामंजी. तुमीच सांगा न."

लोक हसले. दौलतरावांची छाती फुगली. "एखाद्याले कवडीमोल ठरवणं!"

द्वारका पदर सावरत लोकांकडे वळली. "मी सांगतच होती न तुमाले, कठीण कागद मामंजीकडेच नेत जा म्हणून."

दौलतरावांना तिच्याकडे बघवेना.