एका वेळी एकच पार्ट

प्रीतमने आईच्या हातातलं धुपाटणं हिसकावलं आणि थेट अंगणात भिरकावलं. निखारे तुळशीपाशी सांडले.

"तुझ्या या धुरानेच पोरीची छाती भरते!" तो गरजला.

"तू बारका व्हतास तवा पन मी धूप घालायची ना रं?" काशीबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. त्याने ऐकून घेतलं नाही. त्याच दुपारी म्हातारी पिशवी भरून लेकीकडे उल्हासनगरला निघून गेली.

चार वर्षांची मीनल पावसाळ्यापासून खोकत होती. खोकला कसला, ऐकणाऱ्याचा जीव घाबरा व्हायचा. रात्री धाप लागे, ओठ निळे पडत. डॉक्टर म्हणाले होते, कशाची तरी ॲलर्जी आहे, शोधून काढा. आणि दोष शोधण्यात प्रीतमचा हात धरणारा अख्ख्या सोनिवलीत कुणी नव्हता. आनंदनगरच्या एका रंगाच्या कंपनीत तो फिटर होता. त्याचा नियम साधा. एका वेळी एकच पार्ट बदलायचा, मग मशीन चालवून बघायचं. दोन बदलले तर घोटाळा कुठला ते कळत नाही.

घरातही त्याने तेच लावलं. फक्त राग पुढे आणि नियम मागे, अशी त्याची चाल. आधी शेजारच्या बाळाजीची कबुतरं. त्यावरून असं वाजलं, की लहानपणापासूनचा दोस्त तोंड फिरवून बसला. कबुतरं गेली, खोकला राहिला. मग बायकोच्या, नेत्राच्या, फोडण्या बंद. सगळ्यांनी मुकाट्याने उकडलेलं गिळलं, खोकला राहिला. शेवटी आईचा धूप. आई गेली, धूप गेला. मीनल खोकतच होती.

अशाच एका संध्याकाळी तो कंपनीतून आला तो धुमसतच. मीनल नेहमीसारखी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली, शर्टात तोंड खुपसून बसली. तिला कडेवर घेऊन तो भिंती न्याहाळू लागला.

"ही ओल असणार. उद्या त्या कॉन्ट्रॅक्टरला धरतो."

"कुणाला नका धरू," नेत्रा म्हणाली. इतके दिवस गिळलेला संताप आता तिला आवरेना. "कबुतरं काढलीत, फोडणी काढलीत, आईंना काढलंत. एकच पार्ट बदलायचा राहिलाय."

"कोणता?"

"तुम्ही."

"डोकं फिरलंय काय तुझं? बाप आहे मी तिचा!"

नेत्राने मीनलला ओढून घेतलं. पोरीच्या गालाला त्याच्या शर्टाची लाल भुकटी लागली होती. ती पदराने पुसून नेत्राने पदर त्याच्यासमोर धरला.

प्रीतमचं टाळकंच सरकलं. "ठीक आहे! राहतो मी बाहेर. आठवडाभर. पोरगी खोकली की मिस्ड कॉल दे. मग बघतो तुझ्याकडे!" दार आपटून तो निघाला आणि कंपनीतल्या नरेंद्रच्या अंबरनाथच्या खोलीवर जाऊन राहिला.

पहिल्या दिवशी फोन वाजला नाही. योगायोग, असं तो स्वतःशीच म्हणाला. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. पुढे पुढे काम करताना हात आपोआप खिशाकडे जायला लागला. आपण पोरीच्या खोकल्याची वाट बघतोय, हे एकदा त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. तरी वाट बघणं काही थांबेना.

आठवडा संपला त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्याने नरेंद्रला हाक मारली.

"जरा माझ्या नंबरवर रिंग दे रे. फोन बिघडलाय बहुतेक."

नरेंद्रने नंबर लावला. प्रीतमच्या लाल तळहातावर फोन खणखणीत वाजला.