चिकटलेली कड

"काम यंत्रानंच केलंय म्हनतासा, मग तुमी काय करताय वो डॉक्टरीणबाई?" ऑपरेशनच्या टेबलावर निजलेल्या सोनाक्कांनी हिरव्या कापडाखालून विचारलं.

"यंत्राने कापलेलं उचलतेय, आक्का. हलू नका हं," केतकी म्हणाली. मोतीबिंदूवरचा पापुद्रा लेसरने गोल कापून ठेवला होता. केतकीसारख्या नवशिक्या डॉक्टरांनी लेसर लावून केलेल्या आणि नुसत्या हाताने केलेल्या शस्त्रक्रियांची तिला शिकवणारे सर अभ्यासासाठी तुलना करत होते, आणि हा डोळा लेसरच्या गटात होता. केतकीने सवयीने तुकडा चिमट्यात धरून ओढला.

तो सुटेना. एका बाजूला बारीकशी कड अजून चिकटलेली होती. आणखी जरा ओढलं असतं तर पापुद्रा मागपर्यंत फाटला असता, नवं भिंग बसवायला जागाच उरली नसती. आणि दुसऱ्या डोळ्याने आक्कांना फक्त उजेड-अंधार कळत होता.

"मी घेऊ?" सरांनी मागून विचारलं.

हो म्हणावं. उठावं. पळत सुटावं.

"नको, सर." श्वास रोखून तिने चिमटा वळवला आणि उरलेली कड हातानेच, गोलाईच्या कलाने सोडवत नेली. तुकडा अखंड बाहेर आला.

"आता ही केस कशात धरायची?" सर पुटपुटले. "लेसरमध्ये की हातात?"

"माझ्यात धरा की!" आक्का कापडाखालून कडाडल्या. "डोळा माझा हाय न्हवं?"