खाणीचा तळ

पोकलेनने गाळाचा आणखी एक घास वर ओतला आणि मिस्त्री पुन्हा पुढे सरसावले.

"काका, मागे व्हा. काठ अजून ओला आहे," इंजिनीअर बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान हलवली, पण पाय हलले नाहीत. याच खाणीत सुरुंग लावण्यात त्यांच्या उमेदीची वर्षं सरली होती. दगड संपला, मालक निघून गेला, खड्डा पाण्याने भरला. मग एका सकाळी त्यांच्या मुलाच्या चपला काठावर सापडल्या. पाणबुडे उतरले, रिकाम्या हाती वर आले.

तेव्हापासून मिस्त्रींनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. इथे सगळ्यांसाठी बाग करा, उथळ तळं करा, कुणाचं पोर पुन्हा बुडायला नको, हा एकच धोशा. लोक आधी हसले, मग पाठीशी उभे राहिले. आता खाणीतलं पाणी उपसलं होतं, कड्याच्या टप्प्यांवर रोपं तग धरू लागली होती. पडीक दगडांतून वाचनालयाच्या भिंती वर येत होत्या. लोकांना बाग मिळणार होती. मिस्त्रींना फक्त हाडं हवी होती.

बायको मात्र इकडे कधी फिरकली नाही. मुलाचा विषय निघाला की ती उठून आत जायची. मुलगा तिचा जीव की प्राण. मिस्त्री पडले कडक. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं मानणारे. त्याला चांगल्या वळणावर आणायला त्यांनी हात कधी आखडता घेतला नव्हता.

आज ती स्वतःहून आली होती. सगळ्यांपासून लांब उभी होती.

गाळातून टायर निघाले, फुटक्या बादल्या निघाल्या, गंजलेली पहार निघाली. दर खेपेला मिस्त्री वाकून बघत आणि दर खेपेला थोडे अधिकच वाकत. दुपार कलता कलता यंत्राचा दात कातळावर करकरला.

"तळ लागला, काका," बाई हळूच म्हणाल्या. "काही नाही मिळालं."

मिस्त्री मटकन खाली बसले. बाईंनी पाणी पुढे केलं, ते त्यांना दिसलंही नाही. इतक्या वर्षांची धडपड, आणि मूठभर मातीही हाती नाही.

मग त्यांचा चेहरा एकदम पालटला. ते धडपडत उठले, बायकोकडे धावले.

"अगं, तो इथे नाहीच! म्हणजे जिवंत असेल! कुठेही असू दे, मी हुडकून काढतो. कानाला धरून घरी आणतो बघ!"

ती नजर वर न करता म्हणाली, "जिवंतच आहे तो. तुम्ही हुडकायला निघू नये, म्हणून तर मी त्याला मेलेला राहू दिलं."